गॅस्ट्रोची साथ आटोक्यात येते. पण थांबत का नाही?

मुळशीच्या वाड्यांपासून हिंजवडीच्या इमारतींपर्यंत प्रश्न एकच : शेवटच्या नळाची जबाबदारी कोणाची?

पौड : पावसाळा तोंडावर आला, की जिल्ह्यातील आरोग्य यंत्रणेत ठरलेली धावपळ सुरू होते. टीसीएल पावडरचा साठा तपासण्याचे आदेश निघतात, जलसंजीवनीची पाकिटे उपकेंद्रांवर पोचतात, 'पाणी उकळून प्या' अशी दवंडी गावोगावी दिली जाते. तरीही कुठल्या तरी वाडीवर जुलाब-उलट्यांचे रुग्ण निघतात, वैद्यकीय पथक धावते, समाजमंदिरात सलाईनच्या बाटल्या टांगल्या जातात आणि आठवडाभराने 'साथ आटोक्यात' असल्याचे जाहीर होते. पुढच्या वर्षी हेच चक्र पुन्हा फिरते. 'गॅस्ट्रो' या सुटसुटीत नावाने ओळखला जाणारा हा आजार बरा करण्याची विद्या पन्नास वर्षांहून अधिक काळ उपलब्ध आहे आणि ती अत्यंत स्वस्त आहे. मात्र तो होऊच नये, यासाठीची व्यवस्था अद्याप कागदावरून नळापर्यंत पोचलेली नाही. मुळशी तालुक्यात ही विसंगती जितकी ठळकपणे दिसते, तितकी ती जिल्ह्यात क्वचितच अन्यत्र दिसेल.

धरण उशाला...

मुळशी हा पाण्याचा तालुका आहे. ताम्हिणी परिसरात जुलै २०२४ मध्ये एकाच दिवसात साडेपाचशे मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला होता. मुळा आणि मुठा या दोन्ही नद्यांचे उगम सह्याद्रीच्या याच रांगांतले. मुळेवरील धरणाचे पाणी वीजनिर्मितीसाठी पश्चिमेला भिऱ्याकडे उतरते. त्या धरणाविरुद्ध १९२१ मध्ये सुरू झालेला आणि सेनापती बापट यांच्या नेतृत्वामुळे इतिहासात नोंदला गेलेला मुळशी सत्याग्रह याच मातीतला. मुठेवरील टेमघर धरणाचे पाणी खडकवासल्यात येऊन पुणेकरांची तहान भागवते. एवढे सारे असूनही तालुक्यातील अनेक वस्त्यांच्या नशिबी 'धरण उशाला अन् कोरड घशाला' हीच म्हण आली आहे. उन्हाळ्यात पाण्याची टंचाई आणि पावसाळ्यात गढूळ पाणी, ही त्या टंचाईची दोन टोके आहेत. गॅस्ट्रोचा प्रश्न या दोन्ही टोकांशी जोडलेला आहे.

पश्चिमेकडील डोंगराळ पट्ट्यात धनगरवाडे, कातकरी वस्त्या आणि विखुरलेल्या वाड्यांची तहान झरे, उथळ विहिरी आणि लहान नळयोजनांवर भागते. जमिनीखाली काळा पाषाण असल्याने पावसाचे पाणी मातीच्या जाड थरांतून सावकाश गाळले जाण्याऐवजी खडकांच्या भेगांमधून वेगाने विहिरीत उतरते. कठडा नसलेली विहीर असेल तर शेतातले, गोठ्यातले आणि उघड्यावरील घाण वाहून आणणारे पाणी थेट आत जाते. म्हणूनच पहिल्या जोरदार पावसानंतरचे दिवस सर्वाधिक धोक्याचे मानले जातात. अशा वाडीवर मध्यरात्री एखाद्या बालकाला जुलाब सुरू झाले, तर पौडच्या ग्रामीण रुग्णालयापर्यंतचा घाटरस्ता हाच उपचारातील पहिला अडथळा ठरतो.

पूर्वेकडे चित्र वेगळे आहे. भूगाव, भुकूम, पिरंगुट, हिंजवडी, माण, मारुंजी ही गावे दोन दशकांत गाव राहिली नाहीत आणि शहरही झाली नाहीत. कारखान्यांतील कामगारांच्या खोल्या आणि संगणक अभियंत्यांच्या बहुमजली इमारती एकाच ग्रामपंचायतीच्या हद्दीत उभ्या राहिल्या. काही हजार लोकसंख्येसाठी आखलेल्या नळयोजना अपुऱ्या पडल्या आणि ती उणीव कूपनलिका व टँकरने भरून काढली. सांडपाण्याची वाहिनी नसल्याने शौचकूप, शोषखड्डे आणि मैला उपसणारी वाहने यांवर भिस्त राहिली. ज्या जमिनीत शोषखड्डा आहे, तिथूनच काही अंतरावर कूपनलिका पाणी उपसते. डोंगरातल्या वाडीवर जी गोष्ट उघड्या विहिरीमुळे घडते, ती सदनिकांच्या संकुलात जमिनीखालच्या टाकीमुळे घडू शकते. फरक एवढाच, की वाडीवरचे पाणी गढूळ दिसते आणि संकुलातले स्वच्छ दिसते.

सिंहगड रस्त्याचा धडा

स्वच्छ दिसणाऱ्या पाण्याची किंमत पुणे परिसराने जानेवारी २०२५ मध्ये मोजली. सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी, नांदोशी, धायरी या भागांत हातापायांतील बळ अचानक जाण्याच्या तक्रारी घेऊन रुग्ण येऊ लागले. आजार होता गियाँ-बारे सिंड्रोम, म्हणजेच 'जीबीएस'. पुढील काही आठवड्यांत पुणे महानगर परिसरातील संशयित व निश्चित रुग्णांची संख्या दोनशेच्या वर गेली. काहींना कृत्रिम श्वसनयंत्रावर ठेवावे लागले, काहींचा मृत्यू झाला. अनेक रुग्णांना आधी जुलाब झाले होते. पुण्याच्याच राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत झालेल्या तपासणीत काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आढळला, तर काहींत नोरोव्हायरस आढळला.

कॅम्पिलोबॅक्टरचा जुलाब बहुधा आठवड्याभरात आपोआप थांबतो. मात्र या जिवाणूच्या आवरणातील काही घटक मानवी मज्जातंतूंवरील घटकांशी मिळतेजुळते असतात. जिवाणूशी लढण्यासाठी शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे क्वचित प्रसंगी स्वतःच्याच मज्जातंतूंवर तुटून पडतात आणि जुलाबानंतर एक ते तीन आठवड्यांत पायांपासून वर चढणारा अशक्तपणा सुरू होतो. असे फार थोड्यांच्या बाबतीत होते. पण बाधितांची संख्या मोठी असेल, तर हे 'थोडे'ही अतिदक्षता विभाग भरून टाकतात. ज्या आजाराकडे 'पोट बिघडले होते' एवढ्यावरच दुर्लक्ष केले जाते, त्याचे हिमनगासारखे टोक पुण्याने त्या महिन्यात पाहिले.

या घटनेतील दोन बाबी मुळशीने लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. पहिली, हा उद्रेक पावसाळ्यात नव्हे, तर ऐन थंडीत झाला. गॅस्ट्रो हा केवळ पावसाळी आजार आहे, ही समजूत यंत्रणेने आता सोडायला हवी. दुसरी, रुग्णांची दाटी प्रामुख्याने महापालिकेत नव्याने समाविष्ट झालेल्या गावांत होती. तेथे शुद्धीकरण केंद्रातील सर्व टप्पे पार न करता, विहिरीत घेतलेल्या पाण्यात केवळ क्लोरिन मिसळून ते पुरवले जात असल्याचे समोर आले. काही पाणीनमुने पिण्यास अयोग्य ठरले आणि परिसरातील खासगी शुद्ध पाणी विक्री केंद्रांना टाळे लावण्यात आले. नांदेड, किरकटवाडी, नांदोशी यांच्याबरोबरच ३० जून २०२१ रोजी महापालिकेत आलेल्या २३ गावांत सूस, म्हाळुंगे आणि बावधन बुद्रुक ही मुळशीची गावेही होती. ज्या संक्रमणावस्थेत सिंहगड रस्त्यावरील गावे सापडली, तीच अवस्था मुळशीच्या पूर्व पट्ट्याची आहे.

एक लक्षण, अनेक जंतू

'गॅस्ट्रो' हे एका आजाराचे नाव नव्हे. जठर व आतड्यांना होणाऱ्या संसर्गाचा तो समूह आहे आणि त्यामागे विषाणू, जिवाणू व परजीवी असे तिन्ही प्रकारचे शत्रू असतात. लहान मुलांमध्ये रोटाव्हायरस हे तीव्र जुलाबाचे प्रमुख कारण राहिले आहे. त्याचा जोर थंड व कोरड्या महिन्यांत अधिक असतो. नोरोव्हायरस लहानथोर सर्वांना गाठतो आणि वसतिगृहे, लग्नाच्या पंगती, उपाहारगृहे यांतून झपाट्याने पसरतो. जिवाणूंमध्ये ई. कोलायचे काही प्रकार, शिगेला, साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर आणि पटकीचा म्हणजे कॉलराचा व्हिब्रिओ महत्त्वाचे आहेत. जिआर्डिया व आवेचा अमीबा हे परजीवी दीर्घकाळ त्रास देतात.

हा भेद केवळ पुस्तकी नाही. भाताच्या पेजेसारखे पांढरट पाणी मोठ्या प्रमाणात जात असेल, तर कॉलराचा संशय घ्यावा लागतो. अशा रुग्णाच्या शरीरातून तासाला लिटरभर पाणीही जाऊ शकते आणि काही तासांत तो दगावू शकतो. शौचात रक्त व शेम असेल, ताप असेल, तर शिगेलासारख्या जंतूंमुळे झालेली हगवण असू शकते. शिगेलाचे दहा ते शंभर जंतूही आजार घडवण्यास पुरेसे असल्याने पाणी स्वच्छ असूनही न धुतलेल्या हातांवरून तो घरभर पसरतो. कॅम्पिलोबॅक्टर अर्धवट शिजलेल्या कोंबडीच्या मांसातून व न तापवलेल्या दुधातूनही येतो. म्हणजेच पाणी हा सर्वांत मोठा मार्ग असला, तरी तो एकमेव मार्ग नाही. सुटीच्या दिवशी ताम्हिणी घाटात आणि धरण परिसरात लोटणारी गर्दी, रस्त्याकडेच्या खाद्यपदार्थांच्या टपऱ्या आणि सार्वजनिक स्वच्छतागृहांची वानवा यांकडे या दृष्टीने पाहावे लागेल.

जंतू कोणता, हे कळण्यासाठी साथीच्या पहिल्याच दिवशी, प्रतिजैविके देण्यापूर्वी, रुग्णांच्या शौचाचे नमुने घेऊन प्रयोगशाळेत पाठवावे लागतात. प्रत्यक्षात अनेकदा पाण्याचा नमुना विहिरीत पावडर टाकल्यानंतर घेतला जातो. मग तो 'पिण्यास योग्य' ठरला, तर आश्चर्य ते काय?

सलाईनपेक्षा जलसंजीवनी

जुलाबात माणूस बहुतेक वेळा जंतूमुळे थेट मरत नाही. शरीरातील पाणी व क्षार निघून गेल्याने मरतो. त्यामुळे उपचाराचा गाभा म्हणजे गेलेले पाणी व क्षार भरून काढणे हा आहे. आतड्याला सूज असली, तरी साखर व मीठ योग्य प्रमाणात एकत्र दिल्यास ते दोन्ही आत शोषले जातात आणि सोबत पाणी ओढून नेतात. या साध्या तत्त्वावर जलसंजीवनी उभी आहे. १९७१ मध्ये बांगलादेश मुक्तियुद्धाच्या वेळी पश्चिम बंगालमधील बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत कॉलराने थैमान घातले होते. सलाईन संपत आल्यावर डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाचे द्रावण पिंपांत भरून रुग्णांना पाजण्याचा निर्णय घेतला. तीस टक्क्यांच्या आसपास असलेले मृत्यूचे प्रमाण त्यामुळे चार टक्क्यांच्या खाली आले. २०२२ मध्ये डॉ. महालनबीस यांचे निधन झाले. पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले.

जागतिक आरोग्य संघटनेने २००२ मध्ये सुधारलेल्या सूत्रानुसार एक लिटर पाण्यात १३.५ ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराईड आणि २.९ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट असते. प्रमाण बिघडले, की औषधाचा अपाय होतो. म्हणून पाकीट जितक्या पाण्यासाठी आहे, तितक्याच पाण्यात ते पूर्ण विरघळवावे आणि तयार द्रावण २४ तासांनंतर टाकून द्यावे, असे सांगितले जाते. पाकीट हाताशी नसल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चमचे साखर व सपाट अर्धा चमचा मीठ घालून काम भागते. चमचा चहाचा हवा. दोन वर्षांखालील बालकाला प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिलिलिटर, त्याहून मोठ्या मुलाला १०० ते २०० मिलिलिटर द्रावण द्यावे लागते. उलटी झाल्यास दहा मिनिटे थांबून पुन्हा चमच्या-चमच्याने सुरुवात करायची असते. अंगावरचे दूध आणि नेहमीचा हलका आहार बंद करायचा नसतो. 'पोटाला विश्रांती' देण्याच्या समजुतीने उपाशी ठेवलेले मूल अधिक खंगते.

दुसरे स्वस्त शस्त्र जस्ताच्या, म्हणजे झिंकच्या गोळीचे. सहा महिन्यांवरील बालकाला रोज २० मिलिग्रॅम आणि दोन ते सहा महिन्यांच्या बालकाला १० मिलिग्रॅम, याप्रमाणे १४ दिवस ही गोळी दिल्यास जुलाबाचा कालावधी घटतो व पुढील काही महिने पुनरावृत्तीही कमी होते. मात्र २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, जुलाब झालेल्या देशातील पाच वर्षांखालील मुलांपैकी ६०.६ टक्क्यांना जलसंजीवनी मिळाली होती आणि झिंक तर जेमतेम ३०.५ टक्क्यांना. जुलाब थांबले, की गोळ्यांची पट्टी फडताळात जाते, हा घरोघरचा अनुभव आहे.

याउलट ज्याची सहसा गरज नसते, ते उदंड दिले जाते. बहुतांश जुलाबांत, विशेषतः विषाणूजन्य आजारांत, प्रतिजैविकांचा काहीही उपयोग नसतो. कॉलरा आणि रक्ताची हगवण अशा ठराविक स्थितींतच ती वैद्यकीय सल्ल्याने द्यायची असतात. आतड्याची हालचाल थांबवणारी औषधे लहान मुलांना धोकादायक ठरू शकतात. सलाईन ही तीव्र शोष पडलेल्या किंवा तोंडाने काही घेऊ न शकणाऱ्या रुग्णासाठी जीवरक्षक आहे. पण 'बाटली लावली तरच उपचार झाला' ही समजूत रुग्णाच्या खिशाला आणि खाटांना दोन्हींना महाग पडते. बाजारातील गोड पेयांनी 'ओआरएस' हे नाव मिरवल्याने गोंधळात भर पडली होती. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार नसलेल्या पेयांना हे नाव वापरण्यास मनाई केली. उशिरा का होईना, हे पाऊल योग्यच होते.

रुग्णालय केव्हा गाठायचे, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत असायला हवे. मूल मलूल किंवा बेशुद्ध होत असेल, पाणी पिऊ शकत नसेल, डोळे खोल गेले असतील, पोटाच्या कातडीला काढलेला चिमटा सावकाश खाली बसत असेल, लघवी फार कमी झाली असेल, सतत उलट्या किंवा शौचात रक्त असेल, तर क्षणाचाही विलंब नको. वाटेतही जलसंजीवनी देत राहावे. जुलाब बरे झाल्यावर काही दिवसांनी हातापायांना मुंग्या किंवा अशक्तपणा जाणवला, तर तीही तातडीची बाब समजावी.

मूठभर पावडरीचा हिशेब

उपचाराची बाजू अशी भक्कम असताना प्रतिबंधाची बाजू कोठे लंगडी पडते? उत्तर ग्रामपंचायतीच्या कोपऱ्यातल्या टीसीएलच्या पोत्यात आहे. विहिरीचा व्यास तीन मीटर आणि पाण्याची खोली चार मीटर असेल, तर तिच्यात सुमारे २८ हजार लिटर पाणी असते. हजार लिटरला पाच ग्रॅम, हे ग्रामीण भागात वापरले जाणारे प्रमाण धरले, तर साधारण १४० ग्रॅम पावडर लागते. ती बादलीत कालवून, चुन्याचा साका खाली बसू देऊन वरचे पाणी विहिरीत सोडायचे आणि किमान अर्धा तास पाणी भरू द्यायचे नाही, ही शास्त्रीय पद्धत आहे. प्रत्यक्षात 'दोन मुठी' हे माप असते. पाऊस पडला, की विहिरीची पातळी वाढते. पण मुठी दोनच राहतात.

पावडरीचेही आयुष्य असते. ताज्या पावडरीत क्लोरिनचे प्रमाण तेहतीस टक्क्यांच्या आसपास असते. मुळशीसारख्या दमट हवेत तोंड उघडे राहिलेल्या पोत्यातून क्लोरिन उडून जातो आणि उरतो तो जवळजवळ नुसता चुना. अशी पावडर कितीही टाकली, तरी रजिस्टरवरील नोंद तेवढी होते, जंतू मरत नाहीत. पाणी गढूळ असेल, तर क्लोरिन गाळातच खर्च होतो. म्हणून पावडर किती खरेदी केली यापेक्षा शेवटच्या घराच्या नळाला क्लोरिन शिल्लक आहे का, हा खरा प्रश्न आहे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार ग्राहकाच्या नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरिन असायला हवा. ओटी चाचणीत पाण्याला आलेला पिवळा रंग काही क्षणांत त्याचे उत्तर देतो. या चाचणीसाठी ना मोठी प्रयोगशाळा लागते ना तज्ज्ञ. कॅम्पिलोबॅक्टर, कॉलरा, ई. कोलाय हे सारे जिवाणू योग्य क्लोरिनपुढे टिकत नाहीत. काही परजीवींच्या कवचयुक्त अवस्था मात्र क्लोरिनला दाद देत नाहीत; त्यासाठी गाळणे किंवा उकळणे हाच उपाय आहे.

राज्यात यासाठी चांगली पद्धत आखलेली आहे. ग्रामपंचायतीत जलसुरक्षक नेमला जातो. पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर पाणीस्रोतांचे स्वच्छता सर्वेक्षण होऊन जोखमीनुसार लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड दिले जाते. सलग पाच वर्षे हिरवे कार्ड राखून साथ न आलेल्या गावाला चंदेरी कार्ड मिळते. ऑगस्ट २०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये गावातील पाच महिलांना पाणी तपासणीचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. पंधराव्या वित्त आयोगाने ग्रामपंचायतींच्या अनुदानातील ६० टक्के वाटा पाणी व स्वच्छतेसाठीच राखून ठेवला होता. त्यामुळे नियम नाहीत किंवा पैसा नाही, अशी सबब पुरेशी नाही. पण कार्ड स्रोताला मिळते, नळाला नाही. आणि टँकरला तर ते मिळतच नाही. पाणी कोणत्या विहिरीतून भरले, टाकी शेवटची कधी धुतली, त्यात क्लोरिन किती आहे, हे विचारण्याची सवय ना सोसायट्यांना लागली ना यंत्रणेला.

वीजबिल आणि विहीर

पाणीपुरवठ्याची साखळी किती क्षुल्लक कारणाने तुटते, याचे उदाहरण मेळघाटात मिळते. जुलै २०२२ मध्ये अमरावती जिल्ह्यातील चिखलदरा तालुक्यातील पाचडोंगरी व कोयलारी या गावांत कॉलराची साथ आली आणि काही जणांचे बळी गेले. थकीत बिलामुळे पाणी योजनेची वीज तोडण्यात आली होती. नळ कोरडे पडल्याने ग्रामस्थांनी उघड्या विहिरीचे दूषित पाणी प्यायले. योजना होती, जलवाहिनी होती. बिल कोणी भरायचे, हे ठरले नव्हते.

मुळशीतील डोंगरी योजनांनाही हा धोका लागू आहे. मुसळधार पावसात वीज खंडित होणे ही येथील नित्याची बाब. पंप बंद पडला, की जवळचा ओढा किंवा जुनी विहीर हाच आधार उरतो. वाहिनीतील दाब नाहीसा झाला, की फुटक्या जोडातून बाहेरचे घाण पाणी आत ओढले जाते आणि पुढच्या वेळी पहिल्या धारेबरोबर घरोघर पोचते. म्हणून वीजबिल, पंपाची दुरुस्ती आणि वाहिनीची गळती हे आरोग्य खात्याचे विषय नसले, तरी आरोग्याचे विषय आहेत.

शिवेपलीकडे ढकललेले दुखणे

पूर्वी गावात पटकी आली, की मरीआईचा गाडा काढून ती शिवेपलीकडे पोचवण्याची प्रथा होती. पुढच्या गावाने तो गाडा आणखी पुढे ढकलायचा. आज गाडा दिसत नाही. पण दुखणे शिवेपलीकडे ढकलण्याची रीत कायम आहे. ग्रामपंचायत म्हणते, इमारतींना परवानगी आम्ही दिली नाही. २०१५ मध्ये स्थापन झालेल्या महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे नियोजन व परवानग्या आल्या, रोजचा पाणीपुरवठा ग्रामपंचायतीकडेच राहिला. औद्योगिक महामंडळाची जबाबदारी उद्योगक्षेत्राच्या हद्दीपाशी संपते. जीबीएसच्या उद्रेकाच्या वेळी पुणे महापालिका आणि जिल्हा परिषद या दोन्हींचा कारभार मार्च २०२२ पासून प्रशासकांच्या हाती होता. नागरिकांनी जाब विचारावा, असा निवडून आलेला सदस्य त्या दोन्हीकडे नव्हता.

ही विभागणी निसर्गाला मान्य नाही. मोसे खोऱ्यातील लवासा परिसराचे पाणी वरसगाव धरणात व तेथून खडकवासल्यात जाते. मुळेच्या काठच्या गावांचे सांडपाणी हिंजवडी-वाकड ओलांडून शहरात शिरते. वरच्या अंगाला प्रक्रिया न करता सोडलेला मैला खालच्या अंगाच्या घरात पाणी म्हणून येतो. मुळशीच्या वाडीतील शौचालय हा पुणेकरांच्या पाण्याचाही प्रश्न आहे, हे जितक्या लवकर उमगेल तितके बरे.

आजाराच्या नोंदीतही असाच खंड पडतो. देशात २००४ मध्ये एकात्मिक रोग सर्वेक्षण प्रकल्प सुरू झाला आणि पुढे ही नोंद संगणकीय झाली. परंतु ही पद्धत प्रामुख्याने सरकारी केंद्रांवर आलेल्या रुग्णांवर उभी आहे. पिरंगुटचा कामगार गल्लीतल्या खासगी दवाखान्यात जातो, हिंजवडीचा अभियंता शहरातल्या रुग्णालयात. एकाच टाकीचे पाणी प्यायलेले वीस रुग्ण पाच ठिकाणी विखुरले, तर साथ असूनही ती कोणालाच दिसत नाही.

करता येण्याजोगे

एका आघाडीवर प्रगती झाली आहे, हेही नमूद केले पाहिजे. रोटाव्हायरसची तोंडावाटे द्यायची लस २०१६ पासून देशाच्या लसीकरण कार्यक्रमात टप्प्याटप्प्याने आली आणि २०१९ मध्ये महाराष्ट्रात सुरू झाली. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांच्या वयात ती मोफत मिळते. पुण्याच्याच सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेल्या रोटाव्हायरस लशीला २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची पूर्वमान्यता मिळाली. तथापि लस एका विषाणूपुरती आहे; बाकीच्या जंतूंना अडवण्याचे काम पाणी, शौचालय आणि साबणालाच करायचे आहे.

त्यासाठी नव्या योजनेची गरज नाही. ओटी चाचणीचा रोजचा निकाल, शेवटच्या नळाच्या ठिकाणासह, ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहिला जावा. टँकरचा स्रोत नोंदवणे व भरतानाच त्यात क्लोरिन तपासणे बंधनकारक व्हावे. सोसायट्यांनी जमिनीखालच्या टाक्या व सांडपाणी प्रकल्पांचे तपासणी अहवाल रहिवाशांपुढे ठेवावेत. खासगी डॉक्टरांनी एकाच वस्तीतून आलेल्या जुलाबाच्या रुग्णांची माहिती तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना त्याच दिवशी कळवावी. घाटातील प्रत्येक वाडीवर आशा कार्यकर्तीकडे जलसंजीवनी व झिंकचा साठा जूनपुरता नव्हे, बारमाही असावा. आणि पाणी योजनेची वीज बिलापायी तोडण्यापूर्वी पर्यायी शुद्ध पाण्याची सोय कोण करणार, हे लेखी ठरावे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी पाच वर्षांखालील सुमारे ४ लाख ४४ हजार मुले जुलाबाने दगावतात. हे मृत्यू औषध सापडले नाही म्हणून होत नाहीत. मुळशीत येत्या पावसाळ्यात टीसीएलची पोती पोचतील, पाकिटेही वाटली जातील. ताम्हिणीच्या वाडीतला आणि हिंजवडीच्या इमारतीतला शेवटचा नळ उघडून त्या पाण्याला पिवळा रंग येतो का, हे रोज कोण पाहणार, याचे उत्तर मात्र पावसापूर्वी मिळायला हवे.